बटन आतल्या भिंतीवर

बैलबंडीवरून मशीन अंगणात उतरली, तेव्हा माझ्या सासूनं एकच विचारलं.

"बटन कोठी आहे?"

कवडू हसला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, तो काही मेला नाही. कवडू देवळीच्या एका कापसाच्या जिनात फिटर. जिनवाल्या शेठचा जुना बंगला पाडायला काढला, त्याच्या भंगारात ही कपडे धुवायची मशीन निघाली. कोण्या गोऱ्या मॅनेजरनं विलायतेहून आणलेली, तो गेल्यावर शेठकडे राहिलेली. चार पायांवर तांब्याचं मोठं पिंप, खाली मोटर, आणि वर कपडे पिळायला रबराचे दोन रोळ, उसाच्या चरकाला असतात तसे. साल अठ्ठ्याहत्तर. आमच्या वस्तीत असं यंत्र कोणी चित्रातही पाहिलं नव्हतं.

"बटन मशीनले नसते माय, भिंतीवर असते," कवडू म्हणाला.

"तेच विचारून राह्यलो. कोणत्या भिंतीवर? आतल्या का बाहीरच्या?"

कवडूनं ऐकलं नाही. तो मशीनभोवती फिरत होता, नवी म्हैस घेतल्यासारखा.

दिवाळीनंतर त्याचं हेच चाललं. जिनातून आला की चहा घ्यायचा आणि तिच्यापाशी बसायचं. रॉकेलमध्ये नटबोल्ट भिजत घातले. पिंप चिंचेनं मी घासलं, तेव्हा आतून ते नव्या नवरीच्या हंड्यासारखं चमकलं. मोटरची तार जळाली होती, ती वर्ध्याहून भरून आणली. रोळांचं रबर दगड झालं होतं. त्यानं ते सोलून काढलं आणि ट्रकच्या ट्यूबचं नवं चढवलं. दातेरी चाकांच्या डब्यातलं वाळकं वंगण मी खिळ्यानं खरवडत होते. त्यात हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला, काळ्या वंगणात घट्ट रुतलेला.

कवडूनं तो फुंकून फेकून दिला. सासूनं अंगणातून उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला.

आमच्या घरात वीज नवीन. बोर्ड एकच, चुलीजवळच्या भिंतीवर. कवडूनं खिडकीतून वायर ओढली. मशीन बाहेर मोरीपाशी, बटन आत.

"बाहीर लावलं तर पोट्टे शॉक खातीन," तो म्हणाला. "आतच बरं."

पहिल्या दिवशी चालू केली तर पिंपातलं पाणी लालसर झालं. "गंज आहे," कवडू म्हणाला. तांब्याला गंज कसा येतो, हे मी त्याला विचारलं. त्यानं पाणी मोरीत ओतून दिलं. कपडे वाळले, घडी घालायला घेतले, तर त्यांना ओवा-शेपाचा वास. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, तोच. आमच्या घरात बाळंतीण नव्हती. शेजारीही नव्हती. पुन्हा धुतले, पुन्हा तोच वास.

"छप्पनमधी आपण देव नदीत टाकले," कवडू म्हणाला. "भुतंबी त्याईच्याच संगं वाह्यत गेले. आता तू नवे आणून राह्यली काय?"

माझीही भुतांवर श्रद्धा नाही. मी माझी अक्षरं दुकानाच्या पाट्या वाचत शिकले, मला कोणी घाबरवायची गरज नाही. पण मशीन बंद असताना, मोटरचा पट्टा काढून खुंटीला टांगलेला असताना, ते दोन रोळ मी फिरताना पाहिले. भर दुपारी. हळूच, अर्धा वेढा. काहीतरी गिळल्यासारखे.

आणि सासू घरात येईना.

आधी मशीन चालू असली की ती बाहेर थांबायची. मग बंद असली तरी थांबायला लागली. शेळीच्या मांडवात पोतं टाकून निजायची. पुसाची थंडी, सकाळी गवतावर पाणी गोठल्यासारखं. बुडीला खोकला झाला. अंगात ताप. मी ताट घेऊन गेले, तर म्हणे, "खाली ठेव, दूर सरक." पाणी घेऊन गेले, तर तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली.

"वरून टाक व."

माझ्या डोक्यात आग शिरली. ज्या बाईनं नागपुरात पांढरं पातळ नेसून दीक्षा घेतली, गावच्या विहिरीवर पाटलाशी भांडून घागर भरली, ती स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या सुनेपुढं ओंजळ करून बसली होती.

"आत्याबाई, काऊन नाई येत तुम्ही आत? मरता काय इथं?"

"मशीन चालली का आपल्याले आत जाता येत नाई."

"कोण म्हणते?"

तिनं पदराची गाठ सोडली. बांगडीचा तुकडा तळहातावर घेतला.

"पंचफुलीचा आहे. माह्या लहान बहिणीचा."

पंचफुला काविळीनं गेली, असं घरात सगळे सांगत. कवडूलाही तेच माहीत.

"शेठच्या घरचं बाळंतपण होतं," ती म्हणाली. "ते कपडे गावचा धोबी, वरठी, घेत नव्हता. मंग आम्हाले बलावलं. आम्ही मागच्या ओसरीत, हीच मशीन ओसरीत, बटन सैपाकघरात. चालू करायचं तर आवाज द्यायचा, बंद करायचं तर आवाज द्यायचा. पंचफुलीचा हात रोळात गेला. बांगड्या फुटल्या, मंग हाड फुटलं. मी उंबऱ्यापाशी गेलतो. बटन दिसे मले, समोरच. आत शेठलोकं जेवाले बसलेले. शेठीण म्हणे, अंदर मत आना, खाना चल रहा है."

"मंग?"

"मंग काय. पंचफुलीचं रगत वाह्यत राह्यलं. त्याईचं जेवण झालं, मंग बंद केली."

ती खोकली. बराच वेळ खोकली.

"मी नाई टाकला व पाय आत."

मला शेठचा राग आला, शेठिणीचा आला, आणि खोटं कशाला, या बुडीचाही आला. रागात मी उठले. म्हटलं, हिला दाखवते. ही मशीन आहे, लोखंड आणि तांबं. हे घर आमचं आहे. आत गेले, बटन दाबलं, बाहेर आले. कवडू जिनात होता. घरात कोणी नव्हतं. पिंपातलं पातळ काढून मी रोळात घातलं.

रोळांनी पातळ घेतलं आणि पातळासोबत माझी बोटं घेतली. मी मागं ओढलं. हातावर घसरलेल्या बांगड्या तडतड फुटल्या. नव्या रबरात केवढा जोर होता! आम्हीच तर चढवलं होतं.

"आत्याबाई! बटन! बटन बंद करा!"

बुडी उठली. तापानं लटपटत धावली, आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबली. एक पाय उचललेला, तसाच. तिनं आत पाहिलं आणि विचारलं,

"येऊ का आत?"

कोणाला विचारत होती? घर रिकामं होतं. मी शिवी देणार होते. तेवढ्यात मलाही ऐकू आलं. आमच्या चुलीपाशी कोणीतरी जेवत होतं. एक नाही, पुष्कळ जण. पितळी ताटांवर वाट्या सरकत होत्या. कढीचा भुरका. कोणीतरी सावकाश ढेकर दिला. साजूक तुपाचा वास बाहेरपर्यंत आला, आणि आमच्या घरात त्या महिन्यात गोडं तेलसुद्धा नव्हतं.

"जेवून राह्यले व ते," सासू म्हणाली. तिचा आवाज पोरीसारखा झाला होता.

रोळ माझ्या मनगटाशी आले.

"जेवू दे त्याईले!" मी किंचाळले. "घर कोणाचं आहे, भागीरथाबाई? विटा कोणं वाह्यल्या? उंबरा कोणं बसवला? तुमचं घर आहे ना? मंग घुसा ना आत!"

सासूचं नाव मी तोवर कधी घेतलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. रोळांतून माझ्या हिरव्या काचा खाली पडत होत्या.

तिनं पाय आत टाकला.

आत ताटं खणखणली. एकदम, सगळी. पुष्कळ माणसं घाईनं उठावी तसा पायांचा आवाज झाला. आणि खट्. मशीन थांबली.

मी रोळांचा खटका उघडून हात काढला. दोन बोटं चेपली होती. ती अजून वाकडीच आहेत. रक्ताळलेला हात धरून मी आत गेले. चुलीपाशी काही नव्हतं. ना ताट, ना माणूस. शेणानं सारवलेली कोरडी जमीन, आणि भिंतीला पाठ लावून बसलेली भागीरथा, एक हात अजून बटनावर.

ती हसत होती. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं.

"उठले," ती म्हणाली. "माह्या पायानं ताटं बाटली त्याईची. अर्ध्या जेवणावरून उठले."

संध्याकाळी कवडू आला. माझा बांधलेला हात पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यानं पेचकस काढला.

"बटन बाहीर लावतो," तो म्हणाला. "आत्ताच लावतो."

सासू चुलीपुढं भाकर थापत होती. तिनं मागंही पाहिलं नाही.

"राहू दे आतच," ती म्हणाली. "कोण आडवते, पाह्यतो मी."