चौथी तलवार

कॅथलिक बंधुसंघात कमरेला तलवार लावण्याचा मान मिळायला शिंप्याला एकोणीस वर्षं लागली. काळी केप, तिला लाल अस्तर, पांढऱ्या पिसांची टोपी, छातीवरून आडवा पट्टा आणि त्यावर क्रूस आणि जहाजी नांगराचं चिन्ह. संघातल्या झाडून सगळ्या केपा त्यानेच शिवलेल्या. पण वर्षभरापासून त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता.

पाववाला गेला तेव्हा शिंपी ढसाढसा रडला. चाळीस वर्षांचा दोस्त. संघातलं कुणी गेलं की शवपेटीशी चौघांनी तलवारी उपसून उभं राहायचं, अशी रीत. शिंपी सकाळीच सगळा पोशाख चढवून चर्चमागच्या खोलीत हजर झाला.

संघाचा प्रमुख त्याचाच साडू. त्याने तालीम घेतली. चार तलवारी वर गेल्या. तीन स्थिर राहिल्या, चौथीचं टोक शेजारच्या पात्यावर टकटक वाजू लागलं.

"काय रे, मेलेल्याला ताल धरून दाखवतोस?"

सगळे खो खो हसले.

"डाव्या हाताने धरतो, साडूभाऊ. आजचा दिवस मला उभं राहू दे."

"आणि चारचौघांत आमची शोभा होऊ दे? सोड पट्टा."

पाववाल्याची बायको दारात उभी होती. "राहू द्या की त्यांना. ह्यांना आवडलं असतं."

"त्यांना आता काय आवडायचंय, वहिनी!" म्हणत साडूने स्वतःच पट्ट्याचं बक्कल काढलं.

तलवार नाही तर केपही नाही, हा नियमच. शिंप्याच्या खांद्यावरून केप निघाली आणि साडूच्या जावयाच्या अंगावर चढली. जावई बुटका. केप जमिनीवर लोळू लागली.

"चार बोटं वर घे," साडूने सुईदोरा पुढे केला. "दहा मिनिटांत घंटा होईल."

शिंपी गुडघ्यांवर बसला. सुईत दोरा काही केल्या जाईना. शेवटी पाववाल्याच्या बायकोने ओवून दिला. दोनदा सुई जावयाच्या पोटरीत घुसली. दुसऱ्यांदा त्याने बुटाने शिंप्याचा हात उडवला.

"केप शिवा, मला नको!"

पुन्हा हशा पिकला. शिंप्याने टाके पुरे केले, दोरा दातांनी तोडला. टाके सरळ आले होते. ते पाहून त्याला घटकाभर बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

अंत्यविधीच्या मिस्साभर तो शेवटच्या बाकामागे, कोपरावर विरलेल्या शर्टात उभा राहिला. तिथून दोस्ताचा चेहरा दिसला नाही.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "माझ्या ताईचं घर आहे ते," ती म्हणाली. "उगाच वाकडं बोलू नका."

आठवड्याने पत्र आलं: प्रकृतीमुळे सन्मानपूर्वक निवृत्ती, टोपी जमा करावी. ती घेऊन तो स्वतः साडूच्या घरी गेला. साडूने टोपी जावयाच्या डोक्यावर दाबून पाहिली.

"घट्ट होतेय."

"माझ्या मापाची आहे," शिंपी म्हणाला.

"मग सैल करून आण. शनिवारपर्यंत."

शिंप्याने टोपी काखेत घेतली आणि तो जिना उतरला.