शेवटचा घोट

बोटाच्या पेराएवढी ती काचेची प्याली, तळाशी द्राक्षारसाचं तांबडं वर्तुळ... पार्बताबाईंच्या हातात ठरतच नव्हती. दोनदा निसटली, कलंडता कलंडता राहिली. चर्चचे पाळकसाहेब तबक घेऊन वाकून उभे होते, घाई न करता. तिसऱ्या बाकावरून रागिणी पाहत होती. चाळीस प्याल्यांचं ते तबक तिनंच नागपूरहून मागवलं होतं. उंची, काचेची जाडी, धुण्याची सोय, सगळं तिनं तपासलं होतं. हात तपासायचे राहिले होते.

पार्बताबाईंचा कुष्ठरोग बरा होऊन तीस वर्षं झाली होती. बोटं मात्र परत आली नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या चांदूर बाजारहून एसटीनं अमरावतीला यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सर्वांत शेवटी पुढं जायच्या. सगळ्यांनी ओठ लावलेला तो एकच मोठा प्याला दोन्ही तळव्यांत धरून स्वतःच्या हातानं प्यायच्या. त्या शेवटी का जातात, हे रागिणीनं कधी विचारलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टीला माणूस प्रश्न विचारत नाही – सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावरसुद्धा नाही.

प्रश्न तिनं प्याल्याला विचारला. त्याच्या कडेवरचा नमुना घेतला, प्रयोगशाळेत वाढवला, मंडळीच्या पंचांसमोर फोटो ठेवले. जंतू थोडेच आहेत, फारसा धोका नाही, हेही सांगितलं होतं... सांगितलं होतं ना? की त्याआधीच वेगवेगळ्या प्याल्यांच्या बाजूनं हात वर गेले होते? तिला वाटलं होतं, विज्ञान पटलं. आता वाटलं – फारच लवकर पटलं. एकानंही काही विचारलं नव्हतं, जणू निमित्ताचीच वाट पाहत होते. पाळकसाहेबांचा हात तेवढा खाली होता, आणि ते एवढंच म्हणाले होते की मंडळीची इच्छा असेल तसं.

पार्बताबाईंनंतर प्याला पाळकसाहेबांकडे यायचा. उरलेला घोट ते प्यायचे. कड पुसायचे का? नाही... कधीच नाही. बावीस वर्षं, सगळ्यांच्या देखत, एक शब्दही न बोलता. आणि आपण समजत आलो, उरलेलं संपवतात. मंडळीचं काम काय, यावरचे त्यांचे कितीतरी उपदेश तिनं मुद्द्यांसकट वहीत उतरवून घेतले होते. हा घोट त्यात कुठंच नव्हता.

ती उठून पुढं गेली. प्याली घेऊन पार्बताबाईंच्या ओठांपाशी नेली.

"लेकरू आहो काय मी?" म्हातारी हळूच हसून म्हणाली. "राहू दे माय. खोकल्याच्या दवाईवानी इवलुसं तं आहे. भाकर भेटली ना मले."

पाळकसाहेबांनी प्याली रागिणीच्या हातून घेतली, द्राक्षारसासकट तशीच तबकात ठेवली. गीत सुरू झालं. रागिणी आपल्या जागेवर न जाता पार्बताबाईंच्या मागोमाग शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्यांनी लुगडं सावरून जागा केली आणि विचारलं, तुह्या मायचा गुडघा कसा आहे आता, जिना चढते काय. सूज उतरली, जिना नाही जमत अजून – रागिणी सांगत होती आणि वाट पाहत होती, आता विचारतील, काहून केलं असं. त्यांनी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात याल ना, हे तिला विचारायचं होतं. माफी मागायची तर समोरचं माणूस निदान रागावलेलं तरी हवं... इथं तर साबणाचा वास येणारा एक उबदार खांदा तिच्या खांद्याला निर्धास्त टेकला होता.