वाऱ्याला पाठ

सरूने ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक वाटीच्या कडेला निरपून घेतले, श्वास रोखला आणि गणपतीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ ओढायला घेतली. रेघ अर्ध्यावर आली आणि खोकला आला. तिने हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. रेघ डोळ्यातून निघून पार कानाशी जाऊन टेकली.

सरूने शिवी घातली. देवाला नाही, धुळीला. मग चिंधी ओली करून ती रेघ पुसत बसली. सकाळपासून तिने ओढल्या कमी आणि पुसल्याच जास्त होत्या.

जिते गावातल्या ह्या कारखान्यात आखणीचे, म्हणजे मूर्तींचे डोळे काढण्याचे काम तिच्याकडे होते. साच्यातून मूर्ती काढणारे पुष्कळ मिळतात, घासायला बायका मिळतात, रंगाची गन चालवायला तर कुणीही हौसेने शिकते. डोळ्यांना मात्र हात लागतो आणि हाताइतकीच छाती लागते. एक रेघ एका दमात ओढायची. मध्येच श्वास घेतला तर हात लटपटतो आणि देव तिरळा होतो.

आणि तो श्वास घ्यायचा कुठून? शेडला चहूबाजूंनी निळी ताडपत्री होती, सुतळीने घट्ट आवळलेली. आत मालू आणि बाकीच्या बायका पॉलिश पेपरने प्लास्टर घासत, त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. पलीकडे मालकांचा मुलगा नितेश गनने रंग मारत असे, त्याचा वास घशात चिकटून राही. तयार मूर्तींवर मात्र प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या. देवांवर धूळ बसू नये याची काळजी इथे सगळ्यांना होती.

पेणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितले होते की धूळ छातीत बसली आहे, काम बदला नाहीतर निदान हवा बदला. तोवर मास्क लावा म्हणाले. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरायची, आणि चष्म्याशिवाय सरूला देवाची पापणी दिसत नसे. मास्क त्यामुळे गळ्यातच लोंबकळत राहायचा.

मालक हैबतराव आले. पुसलेला डोळा त्यांनी पाहिला. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. घरी जा, चार दिवस आराम कर, म्हणाले.

हा आराम सरूला चांगला माहीत होता. गेल्या साली बायजाबाईही अशीच आरामाला गेली होती. उभा जन्म घासकामात घालवलेली बाई, आता रामवाडीला ओट्यावर बसून असते. नळावरून कळशी आणायची म्हटली तर वाटेत दोनदा टेकते. तरी सरू दिसली की विचारते, सीझनला मला बोलावतील ना गो?

सरूने ब्रश पाण्याच्या डब्यात उभा केला.

"ताडपत्री सोडा, शेठ. घासकाम भायेर फणसाखाली न्या. तवर मी डोळं काढत नाय."

हैबतरावांना आधी हसू आले, मग घाम फुटला. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधी निघतात. शुक्रवारी ट्रक येणार होता आणि निम्मे गणपती आंधळे उभे होते. त्यांनी समजावून पाहिले. दुपारी खाडीवरून वारा सुटतो, ओल्या रंगावर धूळ बसते, व्यापारी माल परत पाठवतो. आणि शेवटी त्यांनी नेमके दुखते तिथे बोट ठेवले. ताडपत्री बांधायची पद्धत माझी नाही, म्हणाले, तुझ्या कमळाकरदादांची आहे.

तिच्या हातात ब्रश दिला तो कमळाकरदादांनी. आखणीच्या जागी वाऱ्याची झुळूक चालायची नाही त्यांना. त्या सुतळीच्या गाठीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातांनी मारलेल्या होत्या.

पण ती उठली नाही. घरीही गेली नाही. बिनडोळ्यांच्या गणपतींसमोर पाटावर हाताची घडी घालून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली तीही तशीच बसायला. मालूने घासता घासता हळूच विचारले, "वयनी, त्यांनी दुसरा कोन आनला तर?"

"आनू दे."

म्हणाली खरी, पण तिचे घर ह्या डोळ्यांवर चालत होते.

हैबतरावांनी दुसरा आणला तो खुद्द कमळाकरदादांनाच. काम सुटल्यापासून ते रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात लेकीकडे राहत. दुपारच्या गाडीने आले, नितेशने स्टेशनवरून मोटारसायकलवर आणले. दारात ते दिसले तेव्हा सरूचा सगळा ताठा गळाला. दुसऱ्या कुणाशीही ती भांडली असती. ती उठून पाया पडली. दादांनी आशीर्वाद दिला नाही. ते खांबाला धरून दम खात होते. सदऱ्याच्या गळ्यात मान सैल पडली होती.

"दादा, तुमीच सांगा हिला," हैबतराव म्हणाले. "ही ताडपत्री कोनी बांधली?"

"मीच."

दादा सरूच्या पाटावर बसले. ब्रश उचलला, टोक वाटीच्या कडेला निरपले आणि श्वास रोखला. घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांची रेघ चुकावी असे सरूला मनापासून वाटले, आणि वाटल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. ज्याने शिकवले त्याच्या वाईटावर आपण टपलो आहोत. मग त्यांची रेघ चुकू नये म्हणून ती देवाला विनवू लागली.

हात अजून पक्का होता. छातीच पुरली नाही. खोकला आला तो थांबेना. ब्रश बोटांतून सुटून देवाच्या मांडीवर पडला. मालू धावत पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन दादांनी भांडे खाली ठेवले.

"अष्टमीला सांज झाली का केमिकलच्या कंपन्यांचा वास येतो," ते म्हणाले. "लेक खिडक्या लावून घेते. हिथं वारा नको म्हून ताडपत्र्या लावल्या, तिथं वास नको म्हून खिडक्या लावतो. जल्मभर लावतच आलो, हैबत."

मग उठून त्यांनी साच्याची सुरी मागून घेतली आणि मागच्या कोपऱ्यात गेले. गाठी प्लास्टरने दगड झाल्या होत्या. त्या सुटेनात, तेव्हा त्यांनी सुतळीच कापली. ताडपत्री खाली कोसळली आणि खाडीचा वारा आत घुसला. देवांवरच्या पिशव्या फडफडल्या, जमिनीवरची पांढरी धूळ उठली आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

हैबतराव दोन्ही हात पसरून ओल्या मूर्तींपुढे उभे राहिले. धूळ बसेल, सगळा माल जाईल, म्हणत राहिले.

"बसू दे," सरू म्हणाली. "देवावरची फडक्यानं निघते, शेठ. बायजाबायच्या छातीतली काढून दावा."

हैबतरावांचे हात खाली आले. मालूने बसायचे पोते काखेत मारले, पेपर उचलला आणि ती फणसाखाली जाऊन बसली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या, कुणीही मालकांकडे न बघता.

"ठीक हाय," हैबतराव म्हणाले. "पन आता डोळं कसं काढनार? वारा तर आला."

ते खोटे नव्हते. ब्रशचे केस थरथरत होते. दादांनी सुरी सरूच्या पाटाजवळ टाकली, दुसरा पाट ओढून मोकळ्या बाजूला नेला आणि मूर्तीला मागून खेटून, खाडीकडे पाठ करून बसले. पाठीवर सदरा फुगला. मूर्तीपुढचा वारा पडला.

"तू काढ. मी बसतो वाऱ्याला."

सरूने गळ्यातला मास्क वर ओढला. चष्म्यावर वाफ धरली आणि दादांच्या खांद्यावरून येणाऱ्या वाऱ्याने लगेच उडाली. तिने ब्रश उचलला. खोकला आला, तो तिने पुरता येऊ दिला. घाई केली नाही. मग श्वास रोखला. समोर दादांनीही रोखला. रेघ डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत एका दमात गेली.

मागून ताडपत्री सरपटल्याचा आवाज आला. हैबतराव ती गुंडाळून ठेवत होते की पुन्हा बांधायला उचलत होते, ते पाहायला सरूने मान वळवली नाही. जवळ पडलेली सुरी तिने, हाताशी राहील अशी, पायाने पाटाखाली सरकवली आणि उजव्या डोळ्यासाठी ब्रश रंगात बुडवला.