दर मंगळवारी, वाइन शॉपसमोर

मी विवेक कंधारकरांची राखाडी स्कूटर बोलतेय. मुक्काम नल्लकुंटा, वय बारा. स्वभाव संशयी, पण तो जन्मजात नाही. विवेकनं लावलेला आहे.

पाडव्याला मी घरी आले, तेव्हा त्याच्या बायकोनं, रंजनानं, माझ्या हँडलला झेंडूची माळ घातली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. विवेक सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. पहिली दोन वर्षं ऑफिस, भाजी आणि मुलीची, पल्लवीची, शिकवणी यापलीकडे मी जग पाहिलं नाही. मग घरी येताना आमची वाट वाकडी व्हायला लागली. "पेट्रोल भरून आलो," असं तो घरी सांगायचा आणि माझी टाकी कोरडी ठणठणीत. डिकीत रेनकोटच्या घडीत बाटली. सगळं माहीत असून दारात मुकाट उभं राहायचं, याचा मला फार राग यायचा.

गेल्या जुलैत विद्यानगरला त्यानं मला डिव्हायडरवर घातलं. माझं मडगार्ड चेपलं, त्याचा खांदा निखळला. रंजना रडली नाही, भांडली नाही. घरी आल्यावर माझ्याशेजारीच उभी राहून म्हणाली, "पुन्हा एकदा प्यायलात तर मी पल्लवीकडे कुकटपल्लीला जाईन. परत येणार नाही."

मला दुरुस्त केलं यादगिरी मेकॅनिकनं. पावतीच्या पाठीमागे त्यानं एक पत्ता खरडला आणि विवेकच्या खिशात कोंबला. "मैं भी पीता था साब. अब ग्यारह साल से नक्को. मंगलवार को तारनाका आओ, हम लोगां बैठते, बातां करते." मला त्याचाही संशय आला. पिणाऱ्यांनी चेपलेल्या गाड्यांवरच तर याचं पोट चालतं. हा कशाला आपलं गिऱ्हाईक घालवेल?

खांदा बरा झाल्यावर पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी आम्ही तारनाक्याला गेलो. एका शाळेच्या फाटकावर पुठ्ठ्याची छोटी पाटी होती, 'दारू सोडू इच्छिणाऱ्यांची मीटिंग'. विवेकनं वेग कमी केला, पाटी वाचली आणि सरळ पुढं निघाला. दोन गल्ल्या सोडून त्यानं मला कुठं उभं करावं? वाइन शॉपसमोर. मग तो दुकानावरून चालत जाऊन कोपऱ्यावर वळला. मी म्हटलं, झालं. त्या दुकानाला मागच्या गल्लीतून दार आहे, हे मला ठाऊक होतं.

दीड तासानं तो परत आला. तोंडाला बडीशेपेचा वास. बडीशेप तो कधी खायचा, हे मला नको सांगायला. पण चावी पहिल्याच झटक्यात भोकात गेली आणि हँडल घरापर्यंत एकदाही डुगडुगलं नाही. इथं काहीतरी पाणी मुरतंय, एवढंच मला कळलं. असे तीन मंगळवार गेले.

चौथ्या मंगळवारी रंजनाचा मामेभाऊ, तारनाक्यालाच राहणारा कौस्तुभ, भाजीची पिशवी घेऊन तिथून चालला होता. त्यानं माझा नंबर वाचला, दुकानाकडे पाहिलं आणि फोन लावला. अर्ध्या तासात रंजना रिक्षातून उतरली. हातात कपड्यांची बॅग होती. ती भरून ठेवलेलीच असणार.

विवेक आणि यादगिरी गल्लीतून बाहेर आले ते थेट तिच्यासमोर.

"कुठं होतात?"

"मीटिंगला."

"वाइन शॉपमध्ये मीटिंग?"

"भाभी, सच बोल रहे साब," यादगिरी म्हणाला. "उधर स्कूल में थे. चाय पिए, सौंफ खाए, बस."

"मग गाडी इथं कायकू?"

विवेक माझ्या सीटवरची धूळ हातानं पुसत राहिला. "शाळेपाशी लावली असती तर कौस्तुभनं पाहिलं असतं. अख्ख्या नल्लकुंट्यात झालं असतं, कंधारकर बेवड्यांच्या मीटिंगला जातो म्हणून."

"आणि इथं?"

"इथं तर लोकांनी दहा वर्षं पाहिलीय."

रंजना त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे पिताना लाज वाटली नाही. सोडताना वाटते."

मी गारच झाले, कारण मी त्याच्यावर नाही नाही तो संशय घेतला आणि हा एक तेवढा माझ्या डोक्यात आला नाही.

"पुढच्या मंगळवारी मी बरोबर येणार," ती म्हणाली. "गाडी फाटकापाशी लावायची. बॅग मी रिकामी करत नाही."

त्याप्रमाणे परवा त्यानं मला पाटीखाली उभं केलं. रंजना मागच्या सीटवरून उतरतेय तोवर समोरून कौस्तुभ आला.

"भावजी, इथं कुठं?"

विवेकचा हात माझ्या हँडलवर होता. आता हा शिक्षकांना भेटायला आलोय म्हणणार, अशी माझी खात्री होती. त्याच्या थापांची सुरुवात मी ओळखते.

"माझी दारू सुटत नाही, कौस्तुभ," तो म्हणाला. "म्हणून येतो इथं."

कौस्तुभनं खाली पाहिलं, "बरं, बरं" म्हटलं आणि पलीकडच्या फुटपाथनं निघून गेला. विवेक तसाच उभा राहिला. रंजनानं त्याच्या हातातून चावी घेतली, "उशीर होतोय," म्हणाली, आणि दोघं आत गेली.

माझा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. डिकी उघडली की मी आधी रेनकोटच चाचपते. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. मंगळवारी तारनाक्याला त्या फाटकापाशी मी दिसले, तर पलीकडच्या फुटपाथनं जाऊ नका. त्याला नावानं हाक मारा.