बसच्या दारातली सुटी पायरी

मी एक पायरी बोलतेय. जिन्याची नाही, देवळाचीही नाही. त्यांना मागेपुढे चार बहिणी तरी असतात. मी एकटी, सुटी, चार पायांची, वीतभर उंच. मिनीबस थांबली की ड्रायव्हर मला दारापुढे मांडतो आणि निघताना उचलून स्वतःच्या सीटमागे सरकवतो. माझं येणं-जाणं एवढंच.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, मुकेशशेठच्या सोफ्याच्या कारखान्यात झाला. बदलापूरजवळच्या गावचा हरिचंद्र ड्रायव्हर तिथे आला तो माझ्यासाठीच. त्याच्या बसचं दार इतकं उंच, की सत्तरीच्या पाहुण्यांचे गुडघे नुसतं बघूनच कुरकुरायचे. शेठ म्हणाला, "भाऊ, सोफासेट घेऊन जा, स्टुलात मला काय भेटणार?" हरिचंद्र जागचा हलला नाही. शेवटी शेठने सोफ्याच्या सांगाड्यातून उरलेले तुकडे जोडून, वर रबराची चटई ठोकून मला त्याच्या हातात दिलं. सोफा होता होता राहिले, याचं मला काही वाटत नाही. सोफ्यावर माणसं तासन्‌तास बसतात. माझ्यावर क्षणभर टेकतात, पण तेवढ्यात बरंच कळतं.

हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात परदेशी पाहुण्यांची मोठाली जहाजं लागतात. सकाळी येतात, संध्याकाळी निघून जातात. मधल्या वेळात कुणी लेणी बघतं, कुणी बाजार. ज्यांना जरा वेगळं हवं असतं, ते आमच्या बसमध्ये बसून अंबरनाथचं जुनं शिवमंदिर बघायला येतात. दुपारचं जेवण हरिचंद्रच्याच घरी. त्याची बायको जनी तांदळाच्या भाकऱ्या करते, पाहुणे गरम भाकरीचे फोटो काढतात आणि मग गार झालेली खातात.

जहाजावर म्हणे या लोकांना एक कागद मिळतो. कुठल्या बंदरावर गाइडला किती टीप द्यायची, ड्रायव्हरला किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. तो कागद खिशात घालून ते दिवसभर फिरतात, आणि बंदरावर परत आलो की माझ्यावर पाय ठेवता ठेवता त्यांना तो आठवतो. एक हात तोल सांभाळायला हरिचंद्रच्या हातात, दुसरा खिशात. कुणी नोटेची इतकी बारीक घडी घालतं, की जणू चोरीचा माल. कुणी सगळ्या बसला दिसेल अशी धरतं. नवरा-बायको असतील तर ती विचारते, दिलेस का? तो म्हणतो, मला वाटलं तू दिलेस. मागची रांग खोळंबते, आणि तोवर त्या गृहस्थांचं सगळं वजन मी पेलायचं.

आधीचा गाइड मिलिंद दाराशी टोपी उलटी धरून उभा राहायचा. टोपीत आधीच स्वतःची एक मोठी नोट टाकून ठेवायचा, म्हणजे पुढच्यांना अंदाज यावा. तो दुसऱ्या कंपनीत गेला आणि त्याच्या जागी भावना आली.

भावना चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन विठ्ठलवाडीला आलेली. बोलायला कमी, बघायला जास्त. हरिचंद्रला वाटलं, ही काय गाइड होणार. पण मंदिराच्या भिंतीपुढे उभी राहिली आणि तिचा आवाजच बदलला. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने कुठल्या बाईच्या कमरेचा बाक कसा काढलाय, ते तिने असं दाखवलं, की दोन म्हाताऱ्या स्वतः तशा उभ्या राहून बघू लागल्या. दिवस छान गेला.

आणि बंदरावर घोटाळा झाला. पहिला पाहुणा माझ्यावर आला, त्याने खुशीत भावनापुढे नोटा धरल्या. भावनाने हात जोडले. हे माझं कामच आहे, याची गरज नाही, असं गोड आवाजात सांगितलं. त्याने ओशाळून नोटा खिशात घातल्या. मागच्याने ते पाहिलं. त्याच्या मागच्यानेही. इथे टीप द्यायची पद्धत दिसत नाही, असं आपसांत बोलत चौदाच्या चौदा जण उतरले आणि हरिचंद्रलाही हात जोडून गेले. त्याचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला.

त्या दिवशी त्याने मला सीटमागे ठेवलं नाही, टाकलं. माझा एक पाय तेव्हापासून जरा डुगडुगतो.

शिळफाट्याला गाड्या तुंबल्या तेव्हा हरिचंद्र म्हणाला, "मॅडम, तुमचा मान राहिला, चांगलं झालं. पण माझ्या घरचा निम्मा किराणा या दारातून येतो. तो आज परत जहाजावर गेला."

भावनाला खरंच ते सुचलं नव्हतं. तिने माफी मागितली आणि मग हळूहळू कारण सांगितलं. तिचे सासरे भीमराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे आजोबा गावकीची कामं करायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायचे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून मागणं बंद केलं. मग दोन वर्षं घर अर्धपोटी राहिलं, पण कुणाच्या दारात उभं राहिलं नाही. सुनेने नोकरी धरली तेव्हा सासऱ्यांनी एकच सांगितलं होतं, खुशाल काम कर, हात पसरू नको.

हरिचंद्रने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मी हात पसरतो, असंच ना गो?"

विठ्ठलवाडीला तिला उतरवताना त्याने सांगून टाकलं, की पुढचं जहाज लागायच्या आत हे निस्तरलं नाही तर तो ऑफिसात जाऊन मिलिंदला परत आणा म्हणणार. माझ्यावरून उतरताना तिची पावलं मला पहिल्यांदाच जड लागली.

आठ दिवसांनी पुढचं जहाज लागलं. सकाळी विठ्ठलवाडीच्या डेपोजवळ बस थांबली तर भावनासोबत स्कूटरवरून भीमराव आलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट. हरिचंद्रचा राग सुनेवर होता, तरी वडीलधारं माणूस उभं कसं ठेवायचं, म्हणून त्याने मला बाहेर काढलं, चटई हाताने झटकली आणि बसायला दिलं.

भीमराव बसले नाहीत. म्हणाले, भावनाने घरी सगळं सांगितलंय, नोकरी सोडू का असंही विचारलं. "तुमचं नुकसान माझ्या शब्दापायी झालं. हे देणं-घेणं होतं कसं, ते मला एकदा दाखवा."

हरिचंद्र गोंधळला. पण मग त्याने त्यांना बसमध्ये चढवलं, स्वतः खाली उभा राहिला आणि म्हणाला, आता तुम्ही जहाजावरचे साहेब, उतरा. भीमराव माझ्यावर आले. फिटरचा पाय तो. आधी मला चाचपलं, मग वजन टाकलं. खिशात हात घातला, रुमाल निघाला, तोच त्यांनी पुढे केला. हरिचंद्रने सवयीने हात वर केला, मान सवयीने खाली गेली.

आणि भीमराव तसेच थांबले. रुमाल हातातच. वरून त्यांना तो तळहात दिसत होता आणि वाकलेली मान. दारोदार भाकरी मागणाऱ्या आजोबांची मान त्यांना आठवत असणार.

मग ते खाली उतरले. दोन्ही बूट मातीत. हरिचंद्रच्या समोर उभे राहिले, रुमाल त्याच्या हातात दिला आणि हात सोडला नाही.

"आता कसं वाटतं?"

"आता पावन्यासारखं वाटतंय," हरिचंद्र म्हणाला.

"मग असंच करा. वर उभं राहून देईल त्याचं कुणीच घेऊ नका. खाली उतरून, समोर येऊन देईल त्याचं घ्या. भावना, तूही घे. फरक या वीतभर लाकडाचा आहे."

मला जरा लागलं. इतकी वर्षं मी गुडघ्यांना आधार देते, एवढंच मला माहीत होतं. माना खाली घालायलाही मीच लावत होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण हरिचंद्र हसला, भीमरावांचा रुमाल परत देत म्हणाला, साहेब, जहाजवाले असला रुमाल देत नाहीत. भीमरावही हसले.

त्या दिवशी परतताना, बंदर यायच्या आधी, भावनाने माइक घेतला. टीप देणं सक्तीचं नाही, न देणाऱ्याशीही आम्ही तितक्याच प्रेमाने बोलू, असं आधी सांगून टाकलं. द्यायची असेल तर ड्रायव्हरची वेगळी, गाइडची वेगळी, आणि ड्रायव्हरला विसरू नका. मग तिने हरिचंद्रचं नाव सांगितलं, गावाच्या वळणावर म्हशींसाठी त्याने किती अलगद ब्रेक लावला त्याची आठवण दिली, आणि जनीच्या हातचं जेवलात ते त्याचंच घर, हेही. शेवटी म्हणाली, कृपा करून आधी नीट खाली उतरा. मग सावकाश निरोप घेऊ.

लोक उतरले. पहिल्या आजीबाई काठी घेतलेल्या. माझ्यावरच थांबून त्यांनी पर्स उघडायला घेतली, तर हरिचंद्रने मान हलवून खाली बोट दाखवलं. त्या उतरल्या, काठी नीट टेकवली, मग पैशांचं पाकीट काढून भावनापुढे धरलं. भावनाचे हात जोडायला निघाले होते, मी पाहिलं. अर्ध्यात थांबले. तिने आजींच्या डोळ्यांत बघून पाकीट घेतलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दोघी किती वेळ बोलत होत्या! रांग आजही खोळंबली, पण आज कुणी कुरकुरलं नाही. एका आजोबांनी काहीच दिलं नाही. ते हरिचंद्रच्या समोर उभे राहून त्याचं नाव तीनदा म्हणून बघत राहिले, आणि चौथ्यांदा जमलं तेव्हा हरिचंद्रने त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्याची मान दिवसभरात एकदाही खाली गेली नाही. मी मोजत होते.

संध्याकाळी विठ्ठलवाडीला भीमराव स्कूटर घेऊन उभेच होते. पाकिटात किती आलं, ते त्यांनी विचारलं नाही.

"किती जण खाली उतरले?"

"सगळे, पप्पा," भावना म्हणाली.

त्यांनी स्कूटर सुरू केली. ऑफिसात जायचा विषय हरिचंद्रने पुन्हा काढला नाही. तिला मॅडम म्हणायचंही सोडलं. आता नुसतं भावना म्हणतो, आणि जनी तिच्यासाठी एक गरम भाकरी बाजूला झाकून ठेवते.

माझ्या अधू पायाला हरिचंद्रने रबराची टोपी बसवलीय. कडेची चटई उसवलीय, ती पुढच्या हंगामाआधी बदलू म्हणतो. अजून बरीच जहाजं यायची आहेत आणि मी आहे.

तुम्हीही कधी जहाजाने जाल, नाहीतर असेच चार घरं मिळून एखादी गाडी करून जाल. दिवसभर ज्याने सांभाळून नेलं, त्याचं नाव विचारा. देणं न देणं तुमच्या मनावर. पण माझ्यावर उभं राहून देऊ नका. तुमच्यासाठी मी मांडलेलीच आहे. सावकाश उतरा, आणि मग बोला.