मुकादमाच्या पोटाला चिकटलेला पेला

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. चीनहून विद्या शिकून आलेले चांगमहाराज दुखणं पेल्यात ओढून घेतात, अशी हवा पार लिंबागणेशपर्यंत गेली होती. महाराजांचं मूळ गाव मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दगडाबाई सतरंजीवर पालथी पडली होती. उसाच्या मोळ्या वाहून वाहून तिची कंबर कामातून गेली होती. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर धनश्रींनी ओझं उचलायची सक्त मनाई केली होती. पण ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको घरी बसली की उरतो अर्धा कोयता, आणि तो कुठल्याच मुकादमाला नको असतो. ट्रॅक्टर सकाळी निघणार होता. म्हणून तर मुकादम अजिनाथने पदरमोड करून महाराज आणले होते. माणूस भलताच कनवाळू!

महाराजांनी पेटता बोळा काचेच्या पेल्यात फिरवला आणि पेला तिच्या कंबरेवर टेकवला. तो घट्ट चिकटला.

"दुखण्यानं आतून धरलाय! चिनी लोकांची ती 'ची' नावाची प्राणशक्ती त्याला वर वढतीय. दुखणं सरलं की पेला आपोआप सुटंल."

महाराजांचा अंगठा पेल्याच्या कडेशी मोठ्या मायेने घोटाळला, आणि पेला टप्पकन सुटला. टाळ्या पडल्या.

"गेलं दुखणं! दगडाबाई, बांध बिऱ्हाड," मुकादम ओरडला.

शेकल्यामुळे तिला खरंच बरं वाटत होतं. विश्वास ठेवावासाही वाटत होता.

तेवढ्यात तिला बघायला आलेल्या डॉक्टर धनश्री पुढे झाल्या. "मुकादम, तुमचं काही दुखतं का?"

"मला काय धाड भरलीय! म्या कंदी मोळी उचलली न्हाई."

"मग शर्ट वर करा."

लोक हसायला लागल्यावर त्याला शर्ट वर करावाच लागला. डॉक्टरांनी तसाच पेटता बोळा फिरवून पेला त्याच्या ढेरीला टेकवला, तो असा चिकटला की ओढून निघेना.

"अगं बया, मुकादम लई आजारी हाय की!" गर्दीतली भिवराबाई म्हणाली.

"जाळाने पेल्यातली हवा तापते आणि थोडी बाहेर पडते," डॉक्टर म्हणाल्या. "जाळ विझला की उरलेली गार होऊन आखडते, आणि कातडी आत ओढली जाते. कडेला बोट दाबलं की हवा शिरते." त्यांनी दाबलं. टप्प! "आपले वैदू तुंबडी लावायचे, तसलंच हे. घटकाभर बरं वाटतं, पण मणक्याची झिजलेली गादी पेल्यात येत नाही."

"अन् पेल्यासंगं आमी शिकवतो ते चिनी व्यायाम?" महाराज पुटपुटले.

"ते चांगले आहेत. सावकाश हालचाल, शांत श्वास. रोज केले तर पुष्कळांचं दुखणं हळूहळू हलकं होतं. मीच शिकवीन हिला. पण ते करून लगेच मोळी उचलायची नसते."

पोटावरचा लाल गोल झाकत अजिनाथ म्हणाला, "अन् कोयता मोडला त्याचं काय?"

दगडाबाई कंबर धरून उठली. ती रागाने म्हणाली, "मोडू द्या. पेला तुमाला बी चिकटला, मंग मोळी बी उचलता यील की. माज्या जागी तुमीच चला!"

तर मंडळी, विद्या चीनची असो की शेजारच्या गावची, ती आधी न दुखणाऱ्या अंगावर लावून बघा. आणि ती फुकट वाटणाऱ्याला उद्या सकाळी तुमच्याकडून काय हवंय, तेही विचारा.