कोपऱ्यापर्यंत

केसेगोचं तीन महिन्यांचं बाळंतपण शुक्रवारी सकाळी फिटणार होतं, आणि सरकारनं गुरुवारी मध्यरात्रीपासून अख्खा बोत्स्वाना घरात कोंडला. गावात पीठ, तेल, साबणाला रांगा लागल्या. मोचुडीतल्या पुरुषांना अचानक गुराढोरांचा उमाळा आला आणि टाळेबंदी लागायच्या आत ते झाडून सगळे रानातल्या गुरवाड्यांवर पळाले. त्यात केसेगोचे वडीलही होते. एरवी वर्षातून दोनदा जायचं म्हटलं की त्यांची कंबर धरायची. केसेगोला मात्र पीठ-साबणाची फिकीर नव्हती. तिनं मोबाइलवर नव्वद दिवस एकेक करून खोडले होते, आणि शेवटचा दिवस खोडायच्या वेळी हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

पहिलटकरणीनं तीन महिने खोली सोडायची नाही, हा नियम काही सरकारचा नव्हता, त्यामुळे तो मोडायची सोयच नव्हती. फाटकात आडवं लाकूड टाकलं की गावाला कळतं, इथे बाळंतीण आहे. मग परक्यानं आत यायचं नाही, पुरुषानं तर मुळीच नाही. बाहेर हिंडून आलेल्याचे पाय तापलेले असतात आणि त्याची झळ बाळाला लागते. बाळाचा बाप झाला तरी तो पुरुषच. केसेगोची आई, जिला सगळा गाव म्मा-केसेगो म्हणायचा, या बाबतीत पोलिसांहून कडक होती. तिनं लेकीला ज्वारीची आंबट पेज, मटणाचा रस्सा आणि विरजलेलं दूध पाजून पाजून अशी गुटगुटीत केली होती की जुन्या चपलाही पायात शिरेनात. लसीसाठी दोनदा दवाखान्यात नेलं, तेही मामाच्या गाडीतून, डोक्यावर ब्लँकेट आणि ब्लँकेटवर छत्री. तीन महिन्यांत केसेगोनं जो काही रस्ता पाहिला तो स्वतःच्या पावलांपुरता.

तिला फार काही नको होतं. बाळाला पाठीशी बांधायचं, फाटकातून निघायचं आणि पाण्याच्या नळाच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचं. दोनशे पावलं असतील नसतील. तिथे काबो उभा राहणार होता. काबो म्हणजे तिच्या लेकीचा, सेथुन्याचा बाप. टायरच्या दुकानात कामाला होता, लग्न अजून व्हायचं होतं, आणि लेकीला त्यानं फोनवरच्या तीन फोटोंत काय ते पाहिलं होतं. म्मा-केसेगोला कळलं असतं तर तेही तीन पाहिले नसते.

शुक्रवारी सकाळी म्मा-केसेगोनं रीतीप्रमाणे बाळाचं जावळ काढलं, लेकीला निळा छापील झगा घातला आणि फाटकातलं लाकूड उचलून चुलीशी नेऊन ठेवलं. पाहुणे नाहीत, बोकड नाही, गाणी नाहीत. केसेगो बाळाला घेऊन फाटकाकडे निघाली.

"कुठे?" आई म्हणाली.

"कोपऱ्यापर्यंत. बाळंतपण फिटलं ना?"

"माझं फिटलं. सरकारचं आजपासून सुरू. अठ्ठावीस दिवस. रेडिओ ऐकला नाहीस?"

"आई, नळापर्यंत फक्त."

"परवाना आहे? घरटी एकाला मिळतो, आणि या घरातली ती एक मी आहे. अंगणात बस. ऊन खा. काल खोलीत होतीस, आज अंगणात आलीस, ही बढती समज."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. केसेगो अंगणात बसली. तिला इतका राग आला होता की ती दुपारपर्यंत कोंबड्यांशीही बोलली नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी काबो आला. त्याच्या घरचा परवाना त्या दिवशी त्याच्या नावावर होता, दुपारी बारापर्यंतचा, दुकानात जाऊन यायला. दुकान होतं उत्तरेला आणि म्मा-केसेगोचं घर दक्षिणेला, पण तरणाताठा मुलगा, वाट चुकतो एखादा. तो तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिला, हातात लंगोटांचं मोठं पाकीट.

"दुमेला, म्मा," तो अदबीनं नमस्कार करत म्हणाला.

"दुमेला. तिथेच उभा राहा," म्मा-केसेगो बाजेवरून न उठता म्हणाली. "दोन मीटर. टायर मोजतोस ना रोज? मग दोन मीटर कळतात तुला."

केसेगोनं लेकीला छातीशी धरून उंच केलं. काबो बघत राहिला. शेवटी म्हणाला, "नाक माझ्यासारखं आहे."

"बदलेल," म्मा-केसेगो म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यावर पोलिसांची गाडी वळली. परवाना उत्तरेचा आणि माणूस दक्षिणेला, म्हणजे दंड नाहीतर कोठडी. शहाण्या माणसानं हातातलं पाकीट दाखवून माफी मागितली असती. काबोनं कुंपणावरून उडी मारली, अंगण ओलांडलं आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यात घुसला. ती नेमकी बाळंतिणीची खोली. केसेगो बाळासकट त्याच्या मागे धावली आणि दार ओढून घेतलं.

आता आपल्या देशात चोर पकडायचा असला तरी आधी दुमेला म्हणावं लागतं, बाईला म्मा आणि पुरुषाला रा लावून. कॉन्स्टेबल ओतेंग गाडीतून उतरला, टोपी काढली.

"दुमेला, म्मा."

"दुमेला, रा."

"कशा उठलात?"

"बरी उठले. तुम्ही कसे उठलात?"

"आम्हीही बरे उठलो. घरची मंडळी?"

"आहेत. तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?"

"कुरकुरतोय, म्मा." ओतेंगच्या आईचा गुडघा म्मा-केसेगोला पंधरा वर्षांपासून माहीत होता, आणि त्या गुडघ्याची चौकशी होईपर्यंत ती चुलीपर्यंत गेली, तिथलं लाकूड उचललं आणि बोलत बोलत फाटकात आणून आडवं टाकलं.

"म्मा, इथे एक माणूस कुंपणावरून आत गेलेला दिसला."

"माणूस? बाळंतिणीच्या घरात?" म्मा-केसेगोनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "लाकूड दिसत नाही? कुठल्या आईच्या मुलाची हिंमत होईल? की तुलाच आत जाऊन बघायचंय, त्या बुटांनी? किती मयतांना जाऊन आलास या महिन्यात?"

ओतेंगचा पाय लाकडाच्या अलीकडे थबकला. "नाही नाही, म्मा. कधी फिटतं बाळंतपण?"

"महिनाअखेर," म्मा-केसेगो म्हणाली. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसायची, आणि हे खोटं तिच्या तोंडून प्रार्थनेसारखं बाहेर पडलं.

"बरं झालं सांगितलंत. मी लक्ष ठेवतो, कुणी त्रास देणार नाही. आजपासून आमची चौकीच लागतेय नळाजवळ."

आणि खरंच लागली, दिवसरात्र. मोरूलाच्या झाडाखाली एक प्लास्टिकची खुर्ची, एक अडसर, एक थर्मास. तिथून अंगण तळहातासारखं दिसायचं. काबोचा परवाना बारा वाजता मेला होता. त्याला बाहेर पडता येईना. आणि केसेगो आता चौकीच्या हिशेबी बाळंतीण होती, तिलाही दिवसाउजेडी खोलीबाहेर डोकं काढता येईना. आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

म्मा-केसेगो दाराशी शेंगा सोलत बसून पहारा देऊ लागली. रात्री लेक-नात तिच्याकडे, मोठ्या घरात. काबो एकटा त्या खोलीत, बाहेरून कडी. सकाळी ती वाडगा आत सरकवायची.

"खा. पेज आहे."

"म्मा, माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी नाही. बाळंतिणीचं जेवण शिजलं नाही तर चौकीवर वास जात नाही. आणि ऐक, तुझ्यापायी मी देवासमोर खोटी पडले. लग्नात तू आम्हाला द्यायच्या गाईंत एक वाढली. काळी, शिंगांची."

पहिल्या दिवशी काबो खूश होता. लेकीची बोटं मोजली, पायांची बोटं मोजली, ती शिंकली तर केसेगोला उठवून सांगितलं. केसेगोलाही बरं वाटलं. इतक्या दिवसांनी त्याच्याशी समोरासमोर बोलता येत होतं. दुसऱ्या दिवशी तो खिडकीच्या फटीशी जाऊन उभा राहू लागला. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकी नऊ आले.

"किती गरम होतं इथे! वारा म्हणून नाही."

"हो," केसेगो म्हणाली.

"आणि ही रडते किती? आत्ता तर पाजलंस."

"हो."

"कुंपणापर्यंत जाऊन येऊ का? एक मिनिट. माझं डोकं फिरेल, केसेगो. माणूस आहे मी, कोंबडी नाही."

"तिसराच दिवस आहे, काबो. मी नव्वद काढले."

"तुझं वेगळं होतं," काबो अगदी सरळ मनानं म्हणाला. "तुला सवय झाली होती."

केसेगो त्याच्याकडे बघत राहिली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणून तर तिला जास्त लागलं. सवय! रात्री भिंतीवरच्या पालीला नाव ठेवून तिच्याशी बोललेली ती, बाहेर मैत्रिणींचा आवाज आला की उशीत तोंड खुपसून रडलेली ती, आणि याला वाटत होतं तिला सवय झाली होती. आईला वाटत होतं लेक सुखात आहे, वजन वाढलं की. सरकारला तर ती आहे हेच ठाऊक नव्हतं. तिनं सेथुन्याला काबोच्या मांडीवर ठेवलं, तिचं डोकं त्याच्या कोपरावर नीट टेकवलं आणि उभी राहिली.

"कुठे चाललीस?" काबो घाबरून म्हणाला. "हिला भूक लागली तर?"

"आत्ता तर पाजलं. तूच म्हणालास."

दार उघडलं तशी शेंगांचं टोपलं मांडीवरून सांडत म्मा-केसेगो उठली. "आत हो! चौकीवरून दिसतंय!"

"दिसू दे."

"अगं कुठे पण?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर, आई," केसेगो म्हणाली आणि फाटकातलं लाकूड ओलांडून अनवाणी रस्त्यावर आली.

वाळू तापली होती. पहिल्या वीस पावलांत तिच्या पोटऱ्या भरून आल्या, मांड्यांना चालणं आठवेना. मागून आई हाका मारत होती, पण फाटकाबाहेर त्या दिवसाच्या परवान्याशिवाय यायची तिची प्राज्ञा नव्हती. ती कायदा पाळणारी बाई होती. केसेगो चालत राहिली. बंद दुकान, कुणाचा तरी वाळत घातलेला सदरा, एक कुत्रं, सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तिला त्या सदऱ्याचंही कौतुक वाटलं.

ओतेंग खुर्चीवरून ताडकन उठला आणि त्यानं चक्क तोंड फिरवलं.

"म्मा! तू बाळंतीण ना? माझे पाय तापलेले आहेत, लांब राहा!"

"दुमेला, रा."

"दुमेला," तो झाडाकडे तोंड करून म्हणाला. "कशी उठलीस?"

"बरी उठले. आणि मी बाळंतीण नाही. टाळेबंदीच्या पहिल्या शुक्रवारीच फिटलं. आई खोटं बोलली."

ओतेंगनं हळूच मान वळवली. "मग तो माणूस?"

"आत आहे. तीन दिवस बाळ सांभाळत बसलाय. घेऊन जायचं तर घेऊन जा, तुमच्या कोठडीत निदान तो झोपेल तरी."

ओतेंगला हसू आलं, ते त्यानं टोपीत लपवलं. मग वहीवर पेन टेकवून तो पोलीस झाला. "परवाना?"

"नाही."

"मग काय काम काढलंस?"

"काही नाही."

"दवाखाना? पीठ? कुणी आजारी?"

"नाही, रा. नुसती आले. नव्वद दिवस कोपऱ्यापर्यंत यायचं होतं, म्हणून आले. दंड असेल तो लिहा."

ओतेंगनं पेन वहीत ठेवलं. त्याची बायको आणि दोन मुलं तिकडे सेरोवेला होती, आणि मधे तीन अडसर. तो स्वतःच्याच लावलेल्या अडसराच्या अलीकडे अडकला होता, पण ते काही त्यानं सांगितलं नाही. त्यानं थर्मास उघडला.

"दोन मीटर सोडून त्या सावलीत उभी राहा. माझा चहा होईपर्यंत मी कुणाला पाहिलेलं नाही. चारला माझी पाळी बदलते. येणारा पोरगा फ्रान्सिसटाउनचा आहे, त्याला कुणाच्या आईचा गुडघा माहीत नाही. त्याच्या आत तुझ्या पाहुण्याला वाटेला लाव. आणि आईला सांग, महिनाअखेर मी विसरलो."

"मोठे उपकार, रा."

केसेगो सावलीत उभी राहिली. इथून तिचं घर दिसत होतं, केवढंसं, एका बाजूला कललेलं. तिला वाटलं होतं इथे आल्यावर फार आनंद होईल. प्रत्यक्षात तिला रडू आलं, आणि रडतारडता इतकं हलकं वाटलं की तिनं डोळेही पुसले नाहीत.

मग तिकडून रडणं आलं. सेथुन्याचं. टिपेचं, भुकेचं, आणि त्यात काबोचा घाबराघुबरा आवाज मिसळलेला, आणि त्यावर म्मा-केसेगोचा: "केसेगो! अगं पोर रडतेय!" केसेगोच्या छातीला पान्हा फुटला, झग्यावर दोन ओले डाग उमटले. ओतेंगनं चहातून डोकं वर केलं. "जा आता," तो म्हणाला, "बोलावतायत."

"ऐकलं मी," केसेगो म्हणाली.

काबोच्या कोपरावर लेकीचं डोकं होतं, आई पाच पावलांवर होती, पोर काही मरत नव्हती. केसेगोनं झाडाच्या खोडाला पाठ टेकली, डोळे मिटले आणि सावकाश, एकही आकडा न गाळता, वीसपर्यंत मोजलं. मग ती घराकडे निघाली.